खारीवर माझं नाव आहे

भिवंडी
१४ ऑक्टोबर २०२३

दादूस,

हक्कसोडपत्राचे कागद केसरीनाथकाकांच्या माणसाबरोबर परत पाठवले आहेत. सही केलेली नाही. फाडलेलेही नाहीत. उद्या तसं कानावर आलं तर विश्वास ठेवू नकोस.

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. भिवंडी रोड आणि आपल्या खारबावच्या मध्ये एकही स्टेशन नाही आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवते आहे. पोस्टमन हसेल. हसू दे.

त्या दिवशी ओट्यावर तूही ओरडत होतास, मीही ओरडत होते. म्हणून आता शांतपणे लिहिते. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझं, आईचं आणि माझं अशी तिघांची नावं लागली. रस्त्याकडचे सगळे गट तुझे. गोडाऊनं तुझी, त्यांचं भाडं तुझं. त्यावरचा माझा हक्क मी उद्या सोडते, कुठल्याही वकिलासमोर. फक्त खाडीला लागून जी आपली खार आहे, तो एक गट सोडणार नाही. तिथं तिवरं आहेत, उधाणाचं पाणी तिथं शिरतं आणि तिथंच जिरतं. केसरीनाथकाकांना तिथं भराव टाकून गोडाऊन बांधायचं आहे आणि तू त्यांना हो म्हणून बसला आहेस. त्या खारीवर माझं नाव आहे. माझं नाव आहे तोवर तिथं मातीचा एक डंपर रिकामा होणार नाही.

‘चांगदेवची पोरगी भावाकडं वाटा मागते’ असं गावात बोललं जातं. ते खोटं आहे हे तुला ठाऊक आहे आणि तू गप्प बसतोस. भांडलास त्याचा राग नाही, याचा आहे. तिवरांवर भराव टाकायला कायद्यानं बंदी आहे; मला तक्रारच करायची असती तर सरकारात एक अर्ज पुरला असता. तू भाऊ आहेस म्हणून अर्ज करत नाही, आणि तू भाऊ आहेस म्हणूनच सहीसुद्धा करत नाही.

आता दुसरं. तू म्हणालास, “शिकायचंच तर मी पाठवतो. लंडनला जा, एमबीए कर. परक्याच्या दारात भीक कशाला मागतेस?” परदेशात पीएचडी करणाऱ्याची फी बहुतेक ठिकाणी विद्यापीठच भरतं, वर महिन्याला खर्चापुरतं देतं, कारण तो तिथं काम करतो. प्रोफेसरच्या प्रकल्पावर राबतो, खालच्या वर्गांना शिकवतो. बाबा तरुणपणी मिठागरावर जायचे आणि संध्याकाळी मजुरी घेऊन यायचे. त्याला आपल्या घरात कुणी भीक म्हटलं नव्हतं.

“चिखलात काय शिकायचंय?” हेही तू विचारलंस. भरती दर वेळी थोडा गाळ आणते, तिवरांची मुळं तो धरतात आणि असा वर्षानुवर्षांचा चिखल थरावर थर साचतो. त्या थरांत काय काय साठून राहतं आणि भराव टाकल्यावर ते पाणी कुणाच्या घरात जातं, हे मला शिकायचं आहे. एमएस्सीला त्याचीच सुरुवात केली, आपल्याच खारीत.

मी हौसाआत्याकडे राहते. सकाळी क्लासमध्ये शिकवते, दुपारी अर्ज लिहिते. बरी आहे.

विनिता

आईला पत्र वाचून दाखव.


भिवंडी
९ जानेवारी २०२४

दादूस,

भाऊबीजेला आले नाही. आई फोनवर म्हणाली की तू वाट बघत होतास. मग म्हणाली, नव्हता बघत. यातलं खरं कुठलं ते काही सांगेना.

अर्ज कसा करतात ते सांगते, म्हणजे घरबसल्या तिकीट मिळतं असं तुला वाटायला नको. आधी प्रोफेसर शोधायचा. त्याचे लेख वाचायचे, समजेपर्यंत वाचायचे. मग ईमेल लिहायची: मी अमुक, हे काम केलं आहे, तुमच्याकडे पुढच्या वर्षी जागा आहे का. बहुतेकांचं उत्तर येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. उत्तर न येण्याची सवय तू लावलीस.

एकीचं मात्र आलं. प्रोफेसर मॉरिसन म्हणून बाई आहेत, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यांच्याकडची भरती-ओहोटी आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. पाणी मागे गेलं की मैलभर नुसता चिखल उघडा पडतो. त्यांनी उलट विचारलं की तुझे नमुने नेमके कुठले. मी गावाचं नाव लिहिलं, गट नंबर लिहिला, फोटो पाठवले. एका फोटोत लांबवर तू पण आहेस, बांधावर, पाठमोरा.

अर्जासोबत तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. एमएस्सीचे माझे गाईड देतो म्हणाले होते. गेल्या आठवड्यात त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुझ्या लेखातून गावाचं नाव आणि गट नंबर काढ, ‘ठाणे जिल्ह्यातील एक खाडी’ एवढंच लिही, मग शिफारस पाठवतो. मी म्हटलं, सर, जागाच सांगितली नाही तर दुसरं कुणी जाऊन माझं काम तपासणार कसं? सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “विनिता, तुला जायचंय की जिंकायचंय?”

मी म्हटलं, “दोन्ही.”

त्यांनी शिफारस दिली नाही. केसरीनाथकाका कॉलेजच्या कमिटीवर आहेत हे मला बाहेर आल्यावर आठवलं. शेवटी मायक्रोबायोलॉजीच्या बाईंकडे गेले. एकच वर्ष त्यांनी मला शिकवलं होतं. त्यांनी काही न विचारता पत्र लिहून दिलं. गाईडच्या पत्राइतकं वजन त्याला नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ठाण्याला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, अर्ज पाठवले.

काकांना सरांकडे तू पाठवलंस का? हो की नाही, एवढंच कळव. कोरं पोस्टकार्ड आलं तर मी ‘नाही’ समजेन.

विनिता


भिवंडी
२ एप्रिल २०२४

दादूस,

पोस्टकार्ड आलं नाही.

सगळीकडून नकार आले आहेत. हे तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. काही नकार चांगल्या भाषेत आहेत, काहींत नुसतं ‘कळवण्यास खेद होतो’. प्रोफेसर मॉरिसननी मात्र स्वतः लिहिलं. यंदा त्यांच्याकडे प्रकल्पाचा निधी नाही, विद्यार्थी घेतला तर त्याला काय देणार? पुढच्या वर्षी निधीची आशा आहे, तेव्हा पुन्हा अर्ज कर, आणि त्याआधी पावसाळ्यातले नमुने घे. कोरड्या दिवसांतला चिखल अर्धीच गोष्ट सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

काल रीमावहिनी येऊन गेली. तू पाठवलीस म्हणाली नाही, पण डबा आपल्या घरचा होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. जेवून झाल्यावर तिनं पिशवीतून कागद काढले. कल्याणच्या कुठल्या एजंटानं इंग्लंडच्या विद्यापीठाचं पक्कं केलं आहे, फी तू भरणार, राहण्याचा खर्च तू देणार, सप्टेंबरला विमान. आणि त्याखाली हक्कसोडपत्र. वहिनी म्हणाली की तू केसरीनाथकाकांना शब्द दिला आहेस, आता ते रोज दारात गाडी लावून बसतात आणि तू मागच्या दारानं बाहेर पडतोस. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी पेन हातात घेतलं होतं. वहिनी सांगेलच, म्हणून आधी मीच लिहिते. कालच शेवटचा नकार आला होता, आणि आत्या खाली पाणी भरायला गेली होती. दादूस, मला जायचं आहे रे. इतकं जायचं आहे की नकाशावर मी त्या किनाऱ्यावरच्या रस्त्यांची नावं पाठ केली आहेत. वाटलं, एक सही, आणि सुटले.

मग विचार केला, तिथं वर्गात कुणी विचारलं की तुझ्या गावाची खाडी कशी आहे, तर काय सांगायचं? ती विकून इथं आले, असं?

पेन वहिनीला परत दिलं. तिचंच होतं. डबा धुऊन दिला.

पुन्हा अर्ज करणार आहे. तुझ्या पैशानं जायचं नाही आणि सही द्यायची नाही, हे दोन्ही तसंच आहे.

विनिता


भिवंडी
२५ जुलै २०२४

दादूस,

परवा जे झालं ते तू बांधावरून बघितलंस, तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी खालच्या पाड्यात शिरलं, हे आईनं फोनवर सांगितलं. मी आले ती तुझ्याशी भांडायला नाही. आधी बायजाबाईंकडे गेले. लहानपणी आपण त्यांच्या अंगणात चिंबोऱ्या भाजून खायचो ते घर. चुलीत पाणी होतं. त्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि मला म्हणाल्या, “तुजा बापूस व्हता तवर कदी आला न्हाय पानी.” दादूस, हे पाणी आभाळातून नाही आलं. गेल्या वर्षी वरच्या अंगाला दुसऱ्यांनी भराव टाकला, तिथली जागा बंद झाली म्हणून ते इकडे आलं. आपली खार उरली आहे म्हणून ते चुलीपाशी थांबलं.

मग नमुने घ्यायला खारीकडे निघाले, तर फाटकाला साखळी आणि नवीन वॉचमन. तो बिचारा युपीचा, मला ओळखत नव्हता. म्हणाला, “सेठ ने मना किया है, बहनजी.” मी म्हटलं, “सेठ मेरा भाई है.” तो म्हणाला, “उन्होंने बोला है, बहन आए तो भी नहीं.” त्याच्यावर मी ओरडले नाही. त्याची ड्युटी होती.

परत वळले तर आई मागे उभी. डोक्यावर इरलं, हातात वल्हं. मला वाटलं, घरी चल म्हणेल. ती म्हणाली, “बस होरीन.”

नामाकाकांची होडी मागून आणली होती तिनं. किती वर्षांनी मी तिला वल्हं धरलेलं बघितलं. खाडीच्या अंगानं आम्ही खारीत शिरलो. मी गुडघाभर चिखलात उतरून नमुन्याची नळी आत दाबत होते आणि आई तिवराच्या फांदीला धरून होडी जागेवर ठेवत होती. पाऊस असा की नळीवर लिहिलेली अक्षरं पुसून जात होती. तेव्हाच तू बांधावर आलास. छत्री न घेता.

तू ओरडलास, “आये, तू पन?”

आई म्हणाली, “भरावाच्या कागदाव माजा अंगठा मी तुना दिला. हिचा हिला ठरवू दे.”

तू तिथंच उभा राहिलास. वॉचमनला हाक मारली असतीस तर दोघं मिळून आम्हाला हाकलू शकला असतात. तू हाक मारली नाहीस. शेवटची नळी निघाली तेव्हा वर बघितलं, तर तू गेला होतास.

याबद्दल आभार मानणार नाही. आपल्याच जमिनीत चोरासारखं शिरावं लागलं, त्याचे आभार कसले? पण तू हाक मारली नाहीस, एवढं लिहून ठेवते.

आईला सर्दी झाली असेल. काढा दे.

विनिता


भिवंडी
१८ डिसेंबर २०२४

दादूस,

नमुने चांगले निघाले. कॉलेजनं प्रयोगशाळा वापरू दिली नाही, पण मायक्रोबायोलॉजीच्या बाईंच्या ओळखीनं ठाण्यात एका ठिकाणी जागा मिळाली. ते काम घालून नवीन अर्ज पाठवला. त्यात ‘तुला हे संशोधन का करायचं आहे’ यावर दोन पानं लिहायची असतात. मागच्या वर्षी मी त्यात हवामानबदल, जागतिक प्रश्न असलं मोठंमोठं लिहिलं होतं. यंदा बायजाबाईंची चूल लिहिली.

काल मुलाखत झाली, व्हिडिओवर. आत्याचं स्वयंपाकघर तुला माहीत आहे. खाली बारा लूम चालतात, भांड्यांच्या मांडणीवरचे पेलेसुद्धा हलतात. दार-खिडक्या लावल्या, आत्यानं फटीत गोधडी कोंबली, तरी खटखट काही थांबेना. मॉरिसनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की हा आवाज कसला. मी म्हटलं, माझं शहर कापड विणतंय. त्या हसल्या. सोबत आणखी दोन प्रोफेसर होते, ते नाही हसले.

अर्ध्यावर लाईट गेली. वायफाय गेलं, खालचे लूम एकदम थांबले. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. मोबाईलवरून पुन्हा जोडले गेले. अंधारात माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, मला त्यांचे दिसत होते. न हसणाऱ्यांपैकी एकानं विचारलं की तुझं सगळं काम एका खासगी जमिनीवर आहे, तू इकडे आल्यावर पुढची वर्षं तिथं जायची परवानगी मिळेल याची काय खात्री?

वॉचमन आठवला. साखळी आठवली. तू आठवलास.

मी म्हटलं, “जमीन माझ्या भावाची, आईची आणि माझी आहे. परवानगी मी देते.”

त्यांनी ते लिहून घेतलं. खोटं बोलले का मी? तूच सांग.

हौसाआत्या दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला इंग्रजी येत नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, “बापासारखी बोललीस.” बाबा इंग्रजी बोलायचे नाहीत, तरी मला कळलं.

विनिता


भिवंडी
११ मार्च २०२५

दादूस,

मिळालं.

पूर्ण पीएचडी. फी माफ, महिन्याचा खर्च, वर्षातून एकदा नमुने घ्यायला भारतात यायचं तिकीट प्रकल्पातून. मॉरिसनबाईंनी पत्रात लिहिलं आहे की निवडीत सगळ्यात जास्त चर्चा पावसाळ्यातल्या नमुन्यांवर झाली. आईला सांग. खरं तर मी सांगितलं आहे, पण तू सांग.

आत्यानं खालच्या सगळ्या कारागिरांना पेढे वाटले. मी एक डबा घरी पाठवला होता, तो वहिनीनं ठेवून घेतला की तू परत पाठवायला सांगितलंस, मला ठाऊक नाही. परत आला नाही, म्हणजे खाल्लात.

आईकडून तुझा निरोप मिळाला: जायचं तर सही करून जा, नाहीतर या घराचा उंबरा तुला बंद. आणि काल केसरीनाथकाका स्वतः आत्याकडे आले. फार गोड बोलले. मुलीनं मोठं व्हावं, गावाचं नाव करावं. मग म्हणाले, एवढी लांब जाणार, इथं रोज काही ना काही कागद निघणार, तर भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेव, तुझ्याच सोयीसाठी. हक्कसोड नको, नुसतं मुखत्यारपत्र. मी म्हटलं, काका, लहानपणापासून मला दोन नावांनी हाक मारतात, पण मुलगी एकच आहे; तुमच्या कागदाचंही तसंच, नाव दुसरं, काम तेच. आत्यानं त्यांचा चहा अर्धा असतानाच कप उचलला.

दादूस, उंबरा बंद कर. बाबांनी घातलेला आहे तो, पण कर. मी रस्त्याकडच्या सगळ्या गटांचं हक्कसोडपत्र करून रजिस्टर केलं आहे, प्रत यासोबत जोडली आहे. तुझ्याकडून काही मागितलं नाही, काही घेतलं नाही. आता गावात कुणी वाटा मागितला म्हणालं तर हा कागद दाखव.

खारीचा गट त्यात नाही.

विनिता


भिवंडी
२० जून २०२५

दादूस,

तुझ्या मनासारखं झालं. व्हिसा नाकारला.

कारण लिहून आलं आहे. शिक्षण संपल्यावर मी परत जाईन याची त्यांना खात्री वाटत नाही. मायदेशात मला बांधून ठेवेल असं फारसं काही त्यांना दिसलं नाही. नवरा नाही, नोकरी पक्की नाही, आणि अर्जात मी घरच्यांबद्दल फार थोडं लिहिलं होतं. काय लिहिणार होते? भाऊ बोलत नाही, असं?

जिच्यावर गावानं दोन वर्षं जमिनीला चिकटून बसली म्हणून थुंकलं, तिचं त्या गावात काही नाही, असं एका परक्या माणसानं कागदावर लिहून दिलं आहे. दिवसभर मी हसत होते. आत्या घाबरली.

पुन्हा अर्ज करता येतो. ठाण्याच्या व्हिसा सल्लागारानं सांगितलं की या वेळी सातबारा जोड, आणि सोबत भावाचं प्रतिज्ञापत्र असलं तर फार बरं. मी त्याला म्हटलं, सातबारा जोडते, भावाचं सोडून द्या.

हे मी तुला मागत नाही. नीट वाच, मागत नाही. तू विचारशील, मग लिहिलंस कशाला? कारण दोन वर्षं सगळं तुलाच लिहिते आहे, आणि आज दुसरं कुणी सुचलं नाही.

सप्टेंबरला पोहोचले नाही तर जागा जाईल. मग तिसऱ्यांदा अर्ज करेन. चौथ्यांदा करेन. केसरीनाथकाकांना सांग, मी इथंच आहे, आणि इथं असले काय नि तिथं असले काय, त्यांना माती टाकता येणार नाही.

विनिता


भिवंडी
२४ ऑगस्ट २०२५

दादूस,

व्हिसा मिळाला. गुरुवारी विमान.

रीमावहिनीनं सगळं सांगितलं आहे, तू सांगू नको म्हणाला होतास तरी. माझं पत्र आलं तेव्हा तू जेवत होतास. ती वाचून दाखवत होती. ‘तिचं त्या गावात काही नाही’ इथं आली तेव्हा तू ताट सरकवलंस आणि म्हणालास, “इथं तिचा काय न्हाय? असा कोन बोलला?” वहिनी म्हणाली, साहेब बोलला, तिकडचा. तू म्हणालास, “त्या साहेबाला खार दाखवाय पायजे.” आई गालात हसली म्हणे. मग तू शर्ट घातलास आणि तसाच उष्ट्या हातानं भिवंडीला नोटरीकडे निघालास. वहिनीनं हात धुवायला लावला.

वहिनीनं आणून दिलेलं प्रतिज्ञापत्र मी व्हिसाच्या अर्जाला जोडण्याआधी पुन्हा पुन्हा वाचलं. मी, मितेश चांगदेव, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की, खाडीलगतचा हा गट मी, माझी आई रंगूबाई व माझी बहीण विनिता यांच्या सामाईक मालकीचा आहे. तिचा त्यावरील हक्क मला पूर्ण मान्य आहे. ती शिक्षण संपवून परत येईल याची मला खात्री आहे. इथपर्यंत नोटरीची भाषा आहे. त्याच्या पुढची ओळ तुझी आहे. नोटरी म्हणाला होता, असं लिहायची पद्धत नाही, तरी तू हटला नाहीस: ‘ती कोणाचे ऐकत नाही, म्हणून ती परत येणार.’ सल्लागारानं त्याचंही इंग्रजी भाषांतर करून जोडलं. तो म्हणाला, एवढं मनापासूनचं प्रतिज्ञापत्र त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

केसरीनाथकाकांना त्याची प्रत कुठून मिळाली ते मला माहीत नाही. तुझ्या सहीनं माझा हक्क मान्य केलेला कागद निघाल्यावर त्यांचं गोडाऊन भाड्यानं घेणारी कंपनी दुसऱ्या गावाला गेली, आणि आता ते तुझ्याशीही बोलत नाहीत. वहिनी म्हणाली, तू आता पुढच्या दारानं बाहेर पडतोस.

तरी तू मला फोन केला नाहीस. काल मी घरी आले, आईला भेटायला. उंबऱ्याशी थांबले, तू बंद केला होतास ना. तू ओट्यावर बसून पेपर वाचत होतास. वर न बघता म्हणालास, “चिखलाचे पाय बाहेर धू.” माझे पाय स्वच्छ होते. तरी धुतले आणि आत आले. जेवले. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि तीन वेळा वहिनीला म्हणालास की तिला भात वाढ.

आता माझं ऐक. मी अजूनही सही करणार नाही. तू प्रेमानं मागितलीस तरी नाही, आईनं शपथ घातली तरी नाही, उद्या दुसरा केसरीनाथ आला तरी नाही. लेखात गावाचं नाव येणार, गट नंबर येणार, भरावाचं सगळं येणार, आणि तुझा पाठमोरा फोटोही येणार. आवडलं नाही तर भांड. माझ्याशी बोलून भांड.

पुढच्या पावसाळ्यात नमुने घ्यायला यायचं आहे. माझ्या परत येण्याची खात्री तू सरकारला लिहून दिली आहेस, दादूस. माझ्या भावाला खोटं पाडायची माझी तयारी नाही.

तुझी,
विनिता